तळमजल्यावरचे गाळे बदलले की वस्ती बदलते का? (लालबाग–परळ)

गिरणगावकर

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा पुढच्या रविवारी आहे. वरच्या खोल्यांना किती चौरस फूट मिळणार यावर सहा महिने चर्चा चालू आहे. खालच्या अकरा गाळ्यांविषयी मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

परवा आईला घेऊन मसाला गल्लीत गेलो होतो. आईची यादी दरवर्षीचीच: बेडगी दोन किलो, संकेश्वरी एक, रंगासाठी काश्मिरी अर्धा, शिवाय धणे आणि खडा मसाला. मिरची एका दुकानातून घेतली. खडा मसाला दुसऱ्याकडून, कारण आईच्या मते त्याची दगडफूल आणि नागकेशर चांगली असते. मग भाजायला दिलं आणि शेवटी डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, नंबर लावला. नंबर यायला अडीच तास लागले.

त्या अडीच तासांत आम्ही काय काय केलं ते घरी येऊन लिहून काढलं. दोनदा चहा. चिवडा गल्लीतून अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा. आईच्या चष्म्याची दांडी बसवून घेतली. बरणी घेतली, मसाल्यात ठेवायला हिंगाचे खडे घेतले. शिवडीहून आलेल्या एका मावशींशी आईची ओळख निघाली, दोघींचं माहेर मालवणचं. शेजारच्या शिंप्याकडे पिशवीचा तुटलेला बंद शिवून घेतला. मसाल्याच्या खरेदीला आलेल्या एका बाईने सात दुकानांत पैसे दिले, आणि त्यातली पाच दुकानं मसाल्याची नव्हती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गल्लीला थांबणारं माणूस चालवतं. कांडपाला वेळ लागतो म्हणून चहावाला टिकतो, चहावाला आहे म्हणून हमाल तिथे बसतात, हमाल आहेत म्हणून मिरचीचं पोतं दुकानाच्या दारात येतं. त्यातला एक डंक काढून तिथे पाकीटबंद मसाल्याचं चकचकीत दुकान आणलं, तर मसाला मिळेलच, पण थांबणं संपेल. थांबणं संपलं की बाकीच्या पाचांचं गिऱ्हाईक आपोआप जाईल, आणि त्यांनी का बंद केलं ते कुणाला कळणारही नाही.

लालबागला बाजाराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९३२ मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला, कोळी आणि विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये लालबागचा राजा बसला. आज लाखो लोक ज्याच्या पायाशी तासन्‌तास उभे राहतात, तो गणपती मुळात गाळ्यांच्या नवसाचा आहे.

आमच्या शेजारची इमारत चार वर्षांपूर्वी पाडली. नव्या टॉवरच्या पायाशी आता काचेची लॉबी आहे, गाड्या वर जायचा उतार आहे आणि एक मोठं दुकान आहे, ते दोनदा बदललं. पूर्वी त्या पदपथावर पीठगिरणी, इस्त्रीवाला, सायकलवाला, दूधकेंद्र आणि भजनी मंडळाची खोली होती. रात्री दहा वाजता त्या बाजूने जाताना आई आता माझा हात धरते.

तुमच्या वस्तीत असं काही झालं असेल तर लिहा. सभेत बोलायला मला शब्द हवे आहेत.

---

परळची_सुनंदा

दादा, लेख वाचून डोळे भरून आले. तरी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत, वीस माणसं. सगळे कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीकामगार, बायकापोरं गावाला. पहिल्या पाळीचा डबा हवा म्हणून आई पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटवायची. तिसऱ्या पाळीचे लोक परत यायचे तेव्हा आम्ही शाळेला निघालेलो असायचो. गिरणगावच्या दुकानांच्या वेळा भोंग्यावर ठरायच्या हे खरं आहे. रात्री बाराला पानपट्टी उघडी, पहाटे चारला चहा. पण त्या उजेडाचं बरंचसं तेल माझ्या आईसारख्या बायकांचं होतं. धान्य सावकाराकडून उधार, व्याज चढलेलं, आणि "तुझी आई काय करते" म्हटलं की आम्ही "घरीच असते" म्हणायचो.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खानावळवाल्या बायकांना बँकेतून कर्ज मिळू लागलं, तेव्हा आईने आयुष्यात पहिल्यांदा कागदावर आपल्या धंद्याचं नाव पाहिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या वीसपैकी चौदा जण गावाला गेले ते परतले नाहीत. सहा जणांना आईने वर्षभर उधारीवर जेवू घातलं. त्यातल्या दोघांनी पुढे पैसे आणून दिले.

मला एवढंच म्हणायचं आहे की दुकानांची सरमिसळ म्हणताना त्यामागे राबणारं माणूसही मोजा. माझी मुलगी जुन्या गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये कामाला आहे. तिला ठरलेली सुट्टी आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे, बायकांसाठी स्वच्छ शौचालय आहे. आमच्या गल्लीत आजही डंकावर नंबर लावून बसलेल्या बाईला तीन तास जायला जागा नाही. सभेत बोलणार असाल तर हे पण बोला.

---

गिरणगावकर

सुनंदाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने परवा अडीच तास पाणी प्यायचं टाळलं होतं, ते आता कळलं. मुद्दा लिहून घेतला.

---

भाडेपावती

मी वकिली करतो. बहुतेक कामं पागडीच्या घरांची (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेली जुनी घरं), म्हणून थोडं कायद्याच्या बाजूने लिहितो.

ही छोटी दुकानं टिकली त्यात कष्ट आणि परंपरा आहेच, पण मोठा वाटा भाडे नियंत्रणाचा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. त्यामुळे ऐंशी चौरस फुटांच्या गाळ्यात चष्म्याची दांडी बसवणारा माणूस तीन पिढ्या बसू शकला. बाजारभावाने भाडं द्यावं लागलं असतं, तर त्या धंद्याला महिनाभरसुद्धा तग धरता आला नसता. या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. मालकाला भाड्यातून डागडुजीचा खर्चही निघेना, म्हणून इमारती खंगल्या. आज ज्या पडायला आल्या आहेत, त्या काही अंशी त्याच भाड्यामुळे.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना संरक्षणातून वगळलं, छोट्या दुकानदाराला ठेवलं. पागडीलाही कायद्यात जागा मिळाली. म्हणजे दुकानदाराकडे हक्क आहे आणि तो भक्कम आहे.

अडचण पुनर्विकासात येते. जुन्या भाडेकरूच्या गाळ्याला नव्या इमारतीत तेवढंच क्षेत्र मिळतं. क्षेत्र मिळतं, पण रस्ता मिळेलच असं नाही. गाळा मागच्या बाजूला गेला, पहिल्या मजल्यावर गेला, त्याच्यापुढे गाड्यांचा उतार आला, तरी कागदावर चौरस फूट बरोबर असतात. दुकानदाराने पन्नास वर्षं कमावलेली गोष्ट म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर, आणि ती करारात कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी पाहिलेल्या दहा करारांपैकी एकाच करारात गाळ्याची दर्शनी रुंदी फुटांत लिहिलेली होती. त्यासाठी तो दुकानदार अडून बसला होता.

गिरणगावकर, तुमच्या अकरा गाळ्यांची रस्त्याकडची रुंदी आजच मोजून घ्या. फोटो काढा, तारीख टाका. इमारत रिकामी झाल्यावर हे करता येत नाही.

---

कसबा_पेठ

पुण्यातून लिहितोय. आमच्या तांबट आळीत अजून मठारकामाचा, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके मारायचा, आवाज येतो, पण पूर्वीसारखा सकाळी उठवत नाही.

पेशवाईत वसलेली ही आळी. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळं, बंब इथे घडायचे. आळी म्हटली की माणसाला वाटतं, सगळे एकच धंदा करणारे. प्रत्यक्षात घडवणारा वेगळा, मठारणारा वेगळा, कल्हई लावणारा वेगळा, मोड (जुनी, मोडकी भांडी) विकत घेणारा वेगळा. एकाचं काम अडलं की चौघांचं अडायचं. आधी स्टील आलं, मग गॅसचा गीझर आला आणि बंब गेला. बंबाबरोबर त्याच्या तोट्या करणारे गेले. आता काही कारागीर दिवे आणि शोभेच्या वस्तू करतात, मागणी चांगली आहे, पण ती गिऱ्हाईकं आळीत येत नाहीत. माल बाहेर जातो. तुमच्या "थांबणाऱ्या माणसा"चा मुद्दा मला म्हणूनच पटला: कारागीर टिकला तरी आळी टिकतेच असं नाही.

नावं मात्र फार चिवट असतात. पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार गेला, पण तिथल्या देवळातला विठोबा अजून पासोड्याच आहे.

---

नाक्यावरचा

हे सगळं ठीक आहे, पण तरुण मुलांना गाळा चालवायचा आहे का? आमच्या इमारतीतल्या पीठगिरणीवाल्याच्या दोन्ही मुलांनी सरळ सांगितलं की पीठ अंगावर घ्यायचं नाही. त्यांना आपण सक्ती करणार का?

---

डंकवाल्याचा_मुलगा

नाक्यावरचा, मीच तो तरुण मुलगा आहे असं समजा. आमचा डंक आहे. कुठे ते लिहीत नाही.

मी पदवीनंतर चार वर्षं अंधेरीला एका कार्यालयात काम केलं आणि परत आलो. कारण सोपं आहे, मार्च ते मे या तीन महिन्यांत आमचं वर्षाचं गणित बसतं आणि मालक मी आहे. ठसका बसतो, डोळे जळतात, संध्याकाळी अंघोळीचं पाणी लाल होतं. तरी मी आनंदाने करतो. सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. ज्याला करायचंय त्याच्यासाठी जागा शिल्लक राहावी, एवढीच माझी मागणी आहे.

आमच्या शेजारच्या दुकानदाराचं काय झालं ते सांगतो. त्याला नव्या इमारतीत गाळा मिळाला, क्षेत्र बरोबर. पण जुन्या गाळ्याला पोटमाळा होता, पोती तिथे राहायची. नव्याची उंची कमी, पोटमाळा बसत नाही. म्हणजे निम्मा गाळा गोदामाला गेला. देखभालीचा मासिक खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पट. थ्री फेज वीज मागितली तर सोसायटीने अर्ज अडवला, वरच्या मजल्यांना आवाज आणि मिरचीची धूळ नको. त्यांचंही बरोबर आहे, बाराव्या मजल्यावरच्या बाळाला ठसका कशाला? धूर-धूळ वर काढणारं धुराडं इमारतीच्या आराखड्यातच हवं होतं. नंतर बसवता येत नाही. दीड वर्षात त्याने गाळा भाड्याने दिला. आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

इमारत बांधली जात असताना तीन वर्षं त्याचं दुकान दुसऱ्या वॉर्डात होतं. गिऱ्हाईक त्या तीन वर्षांतच सुटलं होतं. मसाल्याची बाई वर्षातून एकदा येते. तीन वेळा दुकान दिसलं नाही तर ती कायमची दुसरीकडे जाते.

---

रात्रपाळी

मी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. गिरण्या गेल्यावर परळचा भोंगा थांबला असं लोक म्हणतात. मला वाटतं तो आमच्याकडे आला. केईएम १९२६ चं, टाटा १९४१ चं, शेजारी वाडिया. या रुग्णालयांभोवती एक आख्खी बाजारपेठ उभी आहे आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. औषधांची दुकानं, पट्टे-कुबड्या विकणारे, झेरॉक्सवाले, शहाळंवाला, धर्मशाळा, चादर-बादली-थर्मास एकत्र विकणारे. बीडहून, जळगावहून, थेट बिहारहून आलेला माणूस पेशंटला दाखल करून बाहेर येतो, तेव्हा त्याला पहिल्या तासात लागणाऱ्या सगळ्या वस्तू शंभर पावलांत मिळतात. हे कुणी आखलेलं नाही, गरज पाहून लोक बसत गेले.

मागे काही काळ आमच्या फाटकासमोरचे विक्रेते हटवले होते. पदपथ मोकळा झाला, चालायला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. पण रात्री दोनला एका बाईला नवजात बाळासाठी झबलं कुठे मिळेल ते मला सांगता आलं नाही. आम्ही वॉर्डातल्या जुन्या चादरीत गुंडाळलं.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर विक्रेता समिती आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असायला हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा देण्याचं त्यात म्हटलं आहे. दुकानांच्या सरमिसळीविषयी बोलताना गाळ्याबाहेरची ही माणसंही धरा.

---

खाडीपलीकडून

मूळची दादरची, आता सॅन फ्रान्सिस्कोत. इथे याच प्रश्नावर थेट कायदा केलेला आहे म्हणून लिहिते.

ज्या दुकानाच्या अकरा किंवा जास्त शाखा आहेत आणि सगळीकडे पाटी, सजावट, माल एकसारखा, त्याला इथे "फॉर्म्युला रिटेल" म्हणतात. २००४ पासून त्यावर निर्बंध आहेत. २००६ मध्ये मतदारांनी ते आणखी घट्ट केले. वस्तीच्या बाजारपट्टीत असं दुकान काढायचं तर जाहीर सुनावणी होते, शेजारी येऊन बोलतात. नॉर्थ बीचसारख्या एक-दोन भागांत तर पूर्ण मनाई आहे. मी स्वतः एका सुनावणीला गेले होते. एका आजोबांनी उठून सांगितलं की त्यांना कॉफीचं दुकान नको असं नाही, पण चौकात चप्पल शिवणारा एकच उरला आहे आणि त्याचं भाडं या दुकानाच्या भाड्यावरून ठरणार आहे. हा विचार मला तोवर कधी सुचला नव्हता.

सगळं छान चाललंय असं मात्र समजू नका. कितीतरी गाळे रिकामे राहिले. घरमालक मोठ्या भाड्याची वाट पाहत बसतात. म्हणून २०२० मध्ये रिकाम्या गाळ्यांवर कर मंजूर केला. वर्षात १८२ दिवसांहून जास्त गाळा बंद राहिला की दर्शनी रुंदीच्या फुटाप्रमाणे कर. भाडेपावती, तुमचा रुंदीचा मुद्दा वाचून हेच आठवलं. इथे कर रुंदीवर आहे, कारण बंद शटर रस्त्यावरून दिसतं ते रुंदीनेच.

दादरला गेले की मी पहिल्या दिवशी फूलबाजारात जाते. पहाटे पाचला. विकत काही घ्यायचं नसतं.

---

गिरणगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन अकरा गाळे मोजले. सगळ्यात लहान साडेसहा फूट रुंद, सगळ्यात मोठा अकरा. सात जणांकडे पोटमाळा आहे. तिघांकडे थ्री फेज. दोघे रात्री अकरानंतर उघडे असतात. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, माझं माप कशाला घेता, मी तर जिन्याखाली आहे." तो भाडेकरूच्या यादीत नाही. तीस वर्षं आमचे कपडे त्याच्याकडे आहेत आणि कुठल्याच कागदावर तो नाही. त्याला बारावा धरला.

सभेसाठी ठराव लिहिला आहे. भाडेपावती, नजर टाकाल का?

"रस्त्याला लागून असलेले सर्व विद्यमान गाळे नव्या इमारतीत रस्त्याच्या पातळीवर, त्याच क्रमाने आणि किमान सध्याच्या दर्शनी रुंदीने द्यावेत, गाड्यांचा मार्ग मागच्या बोळातून काढावा. गाळ्यांची उंची पोटमाळ्याला पुरेल अशी ठेवावी. कांडप, पीठगिरणी आणि खाद्यपदार्थांच्या गाळ्यांसाठी गच्चीपर्यंत धुराडं आणि स्वतंत्र वीजजोडणी मूळ आराखड्यात दाखवावी. गिऱ्हाइकांसाठी, विशेषतः महिलांसाठी, तळमजल्यावर शौचालय असावं. बांधकामाच्या काळात पर्यायी गाळे याच गल्लीत द्यावेत. इस्त्रीच्या जागेची नोंद करावी."

"त्याच क्रमाने" हे मुद्दाम घातलं आहे. चहावाला डंकाशेजारीच हवा.

---

भाडेपावती

चांगला आहे. दोन बदल. "गाळ्यांची उंची पुरेल अशी" याऐवजी फुटांत आकडा लिहा, नाहीतर पुरेल की नाही हे विकासक ठरवेल. आणि गाळ्यांच्या देखभाल खर्चाला पहिल्या काही वर्षांसाठी कमाल मर्यादा मागा, तीही आकड्यात. इस्त्रीवाल्याला हक्क म्हणून जागा मिळणं कठीण आहे, पण सोसायटी आपल्या सामाईक जागेत परवाना देऊ शकते. ते वाक्य वेगळं ठेवा, म्हणजे एक अडलं तरी दुसरं अडणार नाही.

---

परळची_सुनंदा

शौचालय घातलंत. बरं वाटलं. त्याची साफसफाई कोण करणार आणि पगार कोण देणार हेही लिहा.

---

गिरणगावकर

सभा झाली. वरच्या मजल्यांतून विरोध होईल अशी भीती होती. आवाजाचा मुद्दा दोघांनी काढला, धुराडं आणि वेळेची मर्यादा (रात्री आठनंतर डंक बंद) घातल्यावर ते तयार झाले. उंची साडेतेरा फूट लिहिली. शौचालयाच्या सफाईचा खर्च गाळेधारक आणि सोसायटी निम्मा-निम्मा उचलणार, सुनंदाताई. गाड्यांच्या मार्गावर बराच वाद झाला. मागचा बोळ अरुंद आहे, अग्निशमनाच्या गाडीला लागणारी जागा सोडून उतार बसतो का ते वास्तुविशारद तपासून सांगणार. ठराव ४१ विरुद्ध ९ मतांनी मंजूर.

विकासकाला पत्र सोमवारी गेलं. उत्तर आलं की इथेच टाकतो. इस्त्रीवाल्याच्या परवान्याचा अर्ज आईने स्वतःच्या हाताने लिहिला आहे.